सी मधली फंक्शन्स: आत काय जातं, बाहेर काय येतं

इंदूरला भंवरकुआंच्या बाजूला कोचिंग लावलेली, देवी अहिल्या विद्यापीठाच्या बीसीएला असलेली, इंजिनीअरिंगच्या फर्स्ट इयरची अशी आपल्या मराठी घरांतली बरीच मुलं तिलकनगरला माझ्याकडे सी ही प्रोग्रामिंगची भाषा विचारायला येतात, आणि सगळ्यांची गाडी साधारण एकाच ठिकाणी अडते. इफ-एल्स जमतं, फॉर लूप जमतो, ताऱ्यांचे त्रिकोण पण छापून होतात, आणि मग फंक्शन आलं की चेहरे उतरतात. परवा एकाने विचारलं, "काकू, स्क्रीनवर उत्तर तर बरोबर येऊन राहिलंय, मग सर चूक का म्हणतात?" प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तर नीट कळलं तर निम्मं फंक्शन कळलं, म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहितेय.

फंक्शन म्हणजे नाव दिलेला कामाचा एक तुकडा, आणि त्या नावाने त्याला बोलावणं म्हणजे कॉल. माझं म्हणणं एवढंच आहे की फंक्शन समोर आलं की दोन प्रश्न विचारायचे. आत काय गेलं? बाहेर काय आलं? प्रोटोटाइप, पॉइंटर, रिकर्शन ही नावं घाबरवतात पण सगळी याच दोन प्रश्नांना लटकलेली आहेत.

एक सांगून ठेवते, खाली कोड मी देवनागरीत लिहिलाय म्हणजे वाचताना अडखळायला नको, पण कम्प्युटरवर टाइप करताना सगळं इंग्रजी अक्षरांतच करायचं, इंट, रिटर्न, व्हॉइड हे सी चे ठरलेले शब्द आहेत आणि बिल, भाव वगैरे नावं आपण दिलेली.

आधी हे लक्षात घ्या की फंक्शन तुम्ही पहिल्या दिवसापासून वापरताय. मेन हे फंक्शनच आहे, प्रोग्राम सुरू झाला की त्याला सिस्टिमकडून कॉल येतो आणि शेवटी आपण रिटर्न 0 लिहितो तो त्याच सिस्टिमला निरोप असतो की काम व्यवस्थित झालं. प्रिंटएफ पण फंक्शन, स्कॅनएफ पण फंक्शन. आणि गंमत म्हणजे ही दोन्ही काहीतरी परत देतात जे आपण कधी बघतच नाही, प्रिंटएफ सांगतं किती अक्षरं छापली, स्कॅनएफ सांगतं किती व्हॅल्यू नीट वाचल्या. समोरच्याने आकड्याच्या जागी नाव टाइप केलं तर स्कॅनएफ 0 परत देतं, आणि ते तपासलं तर प्रोग्राम पुढे वेड्यासारखा वागत नाही. फार उपयोगी गोष्ट आहे, पण शिकवताना बहुतेक वेळा राहूनच जाते.

आता स्वतःचं फंक्शन लिहू. इंदूरात शेवेचं दुकान घेतल्याशिवाय उदाहरण पूर्ण होत नाही, तर समजा लौंगवाली शेव 280 रुपये किलो आहे आणि गिऱ्हाईकाला 350 ग्रॅम हवी.

इंट बिल(इंट भाव, इंट ग्रॅम)
{
    रिटर्न भाव * ग्रॅम / 1000;
}

पहिलं इंट म्हणजे बाहेर येणारी व्हॅल्यू पूर्णांक असेल. बिल हे नाव. कंसात भाव आणि ग्रॅम, म्हणजे आत जाणाऱ्या दोन व्हॅल्यू, यांना पॅरामीटर म्हणतात, आणि दोघांच्या आधी इंट वेगवेगळं लिहावं लागतं, एकदाच लिहून स्वल्पविराम दिला की झालं असं इथे चालत नाही. महिरपी कंसात खरं काम.

मेन मध्ये आपण लिहितो:

इंट रक्कम = बिल(280, 350);

इथे काय होतं ते एकेक पाऊल बघा. मेन या ओळीवर थांबतं. 280 ची एक कॉपी भाव मध्ये जाते, 350 ची कॉपी ग्रॅम मध्ये. कोणाची व्हॅल्यू कुठे जायची ते फक्त क्रमावरून ठरतं, पहिली पहिल्यात दुसरी दुसऱ्यात, नावाशी काही संबंध नाही. आत गुणाकार 98000, भागिले 1000, झाले 98. रिटर्न आलं की फंक्शन तिथेच संपतं, त्याच्या खाली अजून ओळी असल्या तरी त्या चालत नाहीत, आणि 98 हा आकडा त्या कॉलच्या जागी येऊन बसतो. म्हणजे बिल(280, 350) एवढा तुकडा खोडून तिथे 98 लिहिलं असं समजा. मग मेन पुढे चालू होतं.

क्रमाचं म्हटलं तर या उदाहरणात एक सापळा आहे बरं का. बिल(350, 280) असं उलटं लिहिलं तरी उत्तर 98 च येतं, कारण गुणाकार उलटा केला तरी तोच. चूक लपून राहते. म्हणून दुसरं फंक्शन पण करून बघा, बाकी नावाचं, दिलेली नोट वजा बिल. बाकी(500, 378) केलं तर 122 येईल आणि बाकी(378, 500) केलं तर उणे 122. क्रम का जपायचा ते इथे लगेच दिसतं. कंपायलरच्या, म्हणजे आपला कोड मशीनच्या भाषेत बदलणाऱ्या प्रोग्रामच्या, दृष्टीने दोन्ही कॉल बरोबरच आहेत, तो काही बोलणार नाही.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. त्याने काय केलं होतं, रिटर्न च्या जागी प्रिंटएफ लावला होता आणि फंक्शनचा प्रकार व्हॉइड, म्हणजे बाहेर काहीच न देणारा, ठेवला होता. स्क्रीनवर 98 दिसत होते, मग त्याला वाटलं झालं काम. पण स्क्रीनवर दिसणं वेगळं आणि प्रोग्रामच्या हातात व्हॅल्यू येणं वेगळं. छापलेला आकडा माणसाने वाचला, प्रोग्रामला त्याचा काहीही पत्ता नाही. गिऱ्हाईकाने तीन पदार्थ घेतले तर?

एकूण = बिल(280, 350) + बिल(320, 250) + बिल(400, 500);

रिटर्न वालं फंक्शन असेल तर 98 अधिक 80 अधिक 200, एकूण 378, एका ओळीत काम संपलं. छापणारं व्हॉइड फंक्शन असेल तर इथे कंपायलर एरर देऊन अडवतो, आणि रक्कम = बिल(280, 350) असं लिहून उत्तर साठवायला गेलात तर जीसीसी हा कंपायलर म्हणतो "व्हॉइड व्हॅल्यू नॉट इग्नोर्ड ॲज इट ऑट टू बी", वाक्य जरा विचित्र आहे पण अर्थ साधा आहे की बाबा यातून बाहेर काही येतच नाही आणि तू ते पकडायला निघालायस. परीक्षेत पेपर तपासणारा म्हणूनच मार्क कापतो. हिशोब करणारं फंक्शन हिशोबच करू दे, छापायचं काम मेन मध्ये किंवा वेगळ्या फंक्शनमध्ये करा, हे मी तरी अगदी हट्टाने सांगते, कारण उद्या तेच बिल फाइलमध्ये लिहायचं झालं किंवा त्यात सूट द्यायची झाली तर रिटर्न वालं फंक्शन जसंच्या तसं वापरता येतं.

याच्या उलट पण होतं. फंक्शन इंट आहे आणि आत रिटर्न लिहायचंच राहिलं, किंवा इफ मध्ये आहे पण एल्स मध्ये नाही. सी मध्ये हे कंपाइल होऊन जातं आणि मग ती व्हॅल्यू वापरली की कधी कचरा आकडा येतो कधी चुकून बरोबर येतो, काहीच भरवसा नाही. म्हणून कंपाइल करताना जीसीसी ला हायफन डब्ल्यूऑल (-Wall) हा पर्याय रोज द्यायची सवय लावा, तो लगेच सांगतो की कंट्रोल फंक्शनच्या शेवटी पोचतोय आणि रिटर्न काही नाही. वॉर्निंग आहे म्हणून सोडून देऊ नका. आणि नुसतं बिल(280, 350); असं लिहून उत्तर कशातच घेतलं नाही तर हिशोब होतो आणि 98 वाऱ्यावर जातात, एरर नाही काही नाही.

भागाकाराबद्दल थोडं थांबायला पाहिजे कारण इथे पुष्कळांचा वेळ जातो. कोणी म्हणेल आधी एका ग्रॅमचा भाव काढू, म्हणजे भाव / 1000 * ग्रॅम. गणितात बरोबर. सी मध्ये उत्तर 0. कारण दोन इंट भागले की दशांश कापला जातो, 280 भागिले 1000 म्हणजे 0, आणि 0 ला कशानेही गुणा. बरं, मग फंक्शनचा प्रकार इंट ऐवजी डबल, म्हणजे दशांश ठेवणारा, केला की सुटेल? 270 भावाची 125 ग्रॅम घ्या, खरं उत्तर 33.75. प्रकार डबल केला पण आत 1000 तसंच ठेवलं तर मिळतं 33.00, कारण आतला भागाकार अजून पूर्णांकांचाच आहे, तो आधी 33 होतो आणि बाहेर येताना फक्त डबलचा कोट चढवतो. आत 1000.0 लिहिलं की 33.75. फंक्शनचा प्रकार फक्त बाहेर येण्याच्या क्षणी लागू होतो, आतल्या हिशोबाला तो शिवत नाही.

आणि अजून एक. काही कॉलेजांच्या लॅबमध्ये अजूनही तो निळ्या स्क्रीनचा टर्बो सी हा जुना कंपायलर आहे, 1987 साली आलेला. त्यात इंट 16 बिटचा, म्हणजे जास्तीत जास्त 32767. आपलं 280 गुणिले 350 म्हणजे 98000, ते त्यात मावत नाही, त्यातून 65536 गळतात आणि उरतात 32464, भागिले 1000 केलं की बिल 32 रुपये. घरच्या लॅपटॉपवर 98 आणि लॅबमध्ये 32, कोड अक्षर न् अक्षर तोच. मुलं तासन् तास चूक शोधत बसतात आणि चूक त्यांची नसतेच. टर्बो सी वरच करावं लागत असेल तर अशा ठिकाणी लाँग, म्हणजे मोठे पूर्णांक मावणारा प्रकार, वापरा, पण खरं सांगायचं तर आजच्या काळात जीसीसी किंवा क्लँग या कंपायलरवर शिकायला हवं, दोन्ही फुकट मिळतात आणि चुका पण नीट सांगतात.

प्रोटोटाइप. कंपायलर फाइल वरून खाली वाचतो. मेन वर आहे आणि बिल खाली लिहिलंय तर मेन वाचताना त्याला बिल म्हणजे काय हे माहीतच नसतं. त्याला आधी कल्पना द्यायची:

इंट बिल(इंट भाव, इंट ग्रॅम);

शेवटी अर्धविराम, आत काम काही नाही. कंपायलरला एवढंच हवं असतं, आत काय जातं आणि बाहेर काय येतं, परत तेच दोन प्रश्न. डेनिस रिची यांनी 1972 च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये सी बनवली तेव्हा ही सोय नव्हती, फंक्शनला चुकीच्या प्रकारच्या व्हॅल्यू दिल्या तरी कंपायलर गप्प. प्रोटोटाइपची पद्धत सी++ कडून घेतली आणि 1989 च्या अमेरिकन स्टँडर्डमध्ये ती पक्की झाली. तरी जुन्या नियमाप्रमाणे न सांगितलेलं फंक्शन इंट देतं असं कंपायलर आपलं आपणच गृहीत धरायचा. 1999 च्या स्टँडर्डने तो नियम काढून टाकला, पण जीसीसी पुढे कितीतरी वर्षं नुसती वॉर्निंग देऊन सोडायचा आणि 2024 मध्ये आलेल्या जीसीसी 14 पासून ती सरळ एरर झाली. म्हणून सीनियरच्या जुन्या नोट्समधला प्रोग्राम तुमच्या नव्या लॅपटॉपवर चालत नसेल तर आधी प्रोटोटाइप आहे का ते बघा, आणि हेडर फाइल इन्क्लूड केलीय का ते बघा, कारण हेडर फाइलमध्ये मुख्यतः तयार फंक्शनांच्या प्रोटोटाइपचीच यादी असते.

कधी कंपायलर खूश असतो पण शेवटी "अनडिफाइन्ड रेफरन्स" अशी ओळ येते. ही लिंकरची, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे शेवटी एकत्र जोडणाऱ्या प्रोग्रामची, तक्रार. प्रोटोटाइप सापडला पण खरं फंक्शन कुठेच नाही. बहुतेक वेळा स्पेलिंग वेगळं झालेलं असतं, किंवा एकीकडे मोठं अक्षर दुसरीकडे लहान, सी ला ती दोन वेगळी नावं वाटतात. लिनक्सवर वर्गमूळ काढताना असं आलं तर कंपाइलच्या कमांडच्या शेवटी हायफन एलएम (-lm) जोडा, मॅथ लायब्ररी लागते.

आता तो भाग जिथे खरी गोची होते. मुलांना दोन आकड्यांची अदलाबदल करणारं फंक्शन लिहायला सांगते. ती पॅरामीटर घेतात अ आणि ब, आत तिसरा व्हेरिएबल घेऊन व्यवस्थित अदलाबदल करतात, फंक्शनच्या आत छापून बघितलं तर खरंच बदललेले, आणि मेन मध्ये परत आल्यावर तिथून दिलेले क्ष आणि य हे व्हेरिएबल जसेच्या तसे. कारण मघाशी म्हटलं तेच, आत कॉपी जाते. तुमच्या मार्कशीटची झेरॉक्स कोणाला दिली आणि त्याने त्यावर पेनाने कितीही खाडाखोड केली तरी तुमच्या कपाटातल्या ओरिजिनलवर एक रेघ उमटत नाही. सी मध्ये प्रत्येक फंक्शनला कायम झेरॉक्सच मिळते, याला अपवाद नाही.

मग ओरिजिनल बदलायचं कसं? तर व्हॅल्यूऐवजी ती मेमरीत कुठे ठेवलीय तो पत्ता द्यायचा. पत्ता धरणाऱ्या व्हेरिएबलला पॉइंटर म्हणतात, पॅरामीटर लिहिताना त्याच्या नावाआधी * लावायचं.

व्हॉइड अदलाबदल(इंट *अ, इंट *ब)
{
    इंट मधला = *अ;
    *अ = *ब;
    *ब = मधला;
}

आणि कॉल करताना अदलाबदल(&क्ष, &य). ते & चिन्ह म्हणजे "याचा पत्ता", आणि आत *अ म्हणजे "त्या पत्त्यावर जे आहे ते". लक्ष द्या, नियम मोडलेला नाही, पत्त्याची पण कॉपीच गेलीय, फक्त पत्ता कॉपी केला तरी जागा तीच राहते. आता स्कॅनएफ मध्ये & का लावतो ते कळलं का? त्याला तुमच्या व्हेरिएबलमध्ये बाहेरून व्हॅल्यू टाकायचीय, मग पत्ता नको का त्याला? प्रिंटएफ ला नुसतं वाचायचंय, त्याला कॉपी पुरते. पहिल्या आठवड्यात "असंच लिहायचं असतं" म्हणून पाठ केलेलं ते & इथे येऊन समजतं, आणि हे कळल्यावर मुलांचा चेहरा खुलतो ना, ते बघायला मला मनापासून आवडतं.

ॲरे, म्हणजे एकाच प्रकारच्या व्हॅल्यूंच्या खणांची रांग, मात्र वेगळा वागतोय असं वाटतं. फंक्शनला ॲरे दिला आणि आत बदल केला तर बाहेर बदल दिसतो, & न लावता. कारण ॲरेचं नाव फंक्शनला देताना सी पूर्ण ॲरे कॉपी करतच नाही, त्याच्या पहिल्या खणाचा पत्ता देतो. याचाच दुसरा परिणाम असा की आत गेल्यावर ॲरे किती मोठा आहे हे फंक्शनला कळत नाही, साइझऑफ (किती बाइट जागा लागते ते सांगणारं) लावलं तर 64 बिटच्या मशीनवर 8 येईल, तो पॉइंटरचा आकार, ॲरेचा नव्हे. म्हणून किती खण आहेत ते वेगळा पॅरामीटर म्हणून पाठवायचं, दिवसभराच्या विक्रीची बेरीज करणारं फंक्शन असेल तर एकूणविक्री(इंट विक्री[], इंट किती) असं. न विसरता.

फंक्शनच्या आत घोषित केलेले व्हेरिएबल फंक्शन संपलं की गेले. मेन मधला रक्कम आणि बिल मधला रक्कम यांचं नाव एक असलं तरी दोघं वेगळे. म्हणून आतल्या व्हेरिएबलचा पत्ता कधीही रिटर्न करू नका, तुम्ही पत्ता घेऊन पोचाल तोवर तिथे दुसरंच काहीतरी असेल. काही मुलं या सगळ्या भानगडीतून सुटायला सगळे व्हेरिएबल वर, सगळ्या फंक्शनांच्या बाहेर, म्हणजे ग्लोबल करून टाकतात. चालतं, पण मग कोणती ओळ कोणाला बदलतेय हे वीस फंक्शन झाल्यावर तुम्हालाच शोधता येत नाही, आत काय गेलं याचं उत्तरच देता येत नाही. मला ते अजिबात पटत नाही.

रिकर्शन, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच कॉल करणं, आधी ऐकूनच मुलं घाबरतात. फॅक्टोरिअलचं बघू.

इंट फॅक्ट(इंट न)
{
    इफ (न <= 1)
        रिटर्न 1;
    रिटर्न न * फॅक्ट(न - 1);
}

फॅक्ट(4) म्हटलं की ते 4 हातात धरून थांबतं आणि फॅक्ट(3) ला विचारतं, ते 3 धरून थांबतं, मग 2, मग 1. फॅक्ट(1) लगेच 1 देतं, मग 2 गुणिले 1, 3 गुणिले 2, 4 गुणिले 6, 24. प्रत्येक कॉलचा न वेगळा आहे, स्वतःची कॉपी, म्हणून एकमेकांत मिसळत नाहीत, बाकी काही जादू नाही त्यात. इफ ची ओळ विसरलात तर हे थांबणारच नाही, प्रत्येक कॉल थोडी जागा खातो, ती जागा म्हणजे स्टॅक, लिनक्सवर साधारण 8 एमबी धरून ठेवलेली असते, ती संपली की प्रोग्राम कोसळतो. आणि फॅक्ट(13) करून बघा, उत्तर चुकेल. 12 चं फॅक्टोरिअल 479001600 हे 32 बिटच्या इंटमध्ये बसतं, 13 चं सहा अब्जांच्या वर जातं, बसत नाही. प्रकार लाँग लाँग केला तर 20 पर्यंत जाता येतं. टर्बो सी च्या इंटमध्ये 8 लाच गडबड, 40320.

आता घरी एक करून बघा. तीन आकडे घेऊन त्यातला सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा, दोन्ही मेन ला मिळाले पाहिजेत, छापायचं मेन मध्येच. रिटर्न एकच व्हॅल्यू देतं, मग दोन उत्तरं बाहेर कशी येणार? फंक्शनचं तोंड असं ठेवा: व्हॉइड लहानमोठा(इंट अ, इंट ब, इंट क, इंट *लहान, इंट *मोठा). तिन्ही आकडे सारखे देऊन बघा, उणे आकडे देऊन बघा. आणि कॉल करताना & फक्त शेवटच्या दोघांच्या आधी लागेल, पहिल्या तिघांच्या आधी नाही, का ते आता तुम्ही स्वतःच सांगू शकाल.